यंत्राला दिसलेली गाठ

चिखली,
९ मार्च २०२५

प्रिय उत्कर्षा,

सप्रेम जयभीम. केमोनंतर तोंड आलं होतं, ते बरं झालं का? आईंच्या हातची पेज तरी पोटात राहते ना? फोनच करणार होते, पण आई स्पीकर लावतात आणि हे तुला एकटीला सांगायचंय.

काल कंपनीत महिला दिन झाला. गुलाबी फुगे, गुलाबी केक, साहेबांच्या गळ्यातसुद्धा गुलाबी दुपट्टे. किळस आली मला. सहा वर्षांपूर्वी कंपनीनं भरवलेल्या स्तनतपासणी शिबिरात माझी गाठ सापडली आणि मी अजून ठणठणीत आहे, म्हणून दरवर्षी मला स्टेजवर चढवून शाल घालतात. जसा काही मी पराक्रमच केला. अगं, मला काही जाणवलंही नव्हतं. सुपरवायझरनं लाइनवरून उठवलं म्हणून गेले, आणि यंत्राला ज्वारीच्या दाण्याएवढं काहीतरी दिसलं.

घरातल्या एकीला आणायची मुभा होती, म्हणून तूही आली होतीस. चाळिशीच्या पुढच्यांनाच तपासत होते, तुला दोन वर्षं कमी, म्हणून नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी तुला सरबत देऊन परत पाठवलं. दीड वर्षानं अंघोळ करताना तुझ्याच हाताला गाठ लागली. दुसऱ्याच दिवशी तू डॉक्टरकडे गेलीस, पण तोवर ती काखेपर्यंत पोचली होती. यात तुझं काय चुकलं?

विचारते, कारण यंदा एचआरच्या निरंजन सरांनी मला भाषण लिहून दिलं. एकाच घरातल्या दोघी, एक जागरूक, दुसरी हलगर्जी. हलगर्जी बाईनं दुखणं अंगावर काढलं, आता ते हाडात गेलंय. हे कुणी सांगितलं, म्हटलं. तर म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरूनच तर आलंय."

घरून म्हणजे तुझ्या दादांकडून. जेवताना विचारलं, तर भाकरी मोडत म्हणाले, "लोक विचारतात. काहीतरी कारण द्यावंच लागतं ना."

मी ताटावरून उठले. या माणसानं तुला कडेवर खेळवलंय.

काल कागद बाजूला ठेवला आणि माईकवर खरं ते सांगितलं. तुझी गाठ यंत्राला दिसली असती की नाही कोण जाणे, पण कुणी बघितलंच नाही, म्हटलं. टाळ्या नेहमीसारख्याच पडल्या. ढोकळ्याच्या प्लेटा फिरत होत्या, ऐकतंय कोण! घरच्यांसाठी राखलेल्या पहिल्या रांगेत बसलेले तुझे दादा परतताना म्हणाले, पाठांतर कच्चं राहिलं तुझं.

शाल तिथेच खुर्चीवर टाकून आले. बुधवारी तुझ्या स्कॅनला मी येतेय, रजा टाकलीय. दादा येणार नाहीत. मीच नको म्हटलं.

तुझ्याइतकीच हलगर्जी,
तुझी वहिनी
भाग्यश्री