उपाशीपोटी वाढलेलं वजन

४ ऑगस्ट, सोमवार
वजन ८९.२. मागच्या सोमवारी ८८.६. आठवडाभर दुपारी एक भाकरी, रात्री मुगाचं पातळ वरण. एवढ्याशा खतावर असलं पीक आमच्या अजिंठ्याच्या शेतात कधी आलं नाही.
थायरॉईडची गोळी सुरू होऊन तीन महिने झाले. डॉ. म्हणाले होते, वजन आटोक्यात येईल. कोणाचं, ते विचारायचं राहिलं.

७ ऑगस्ट
दादा गावाहून आला. दारातूनच, "लई सुटलास रे! सुनंदा, काय चारतीस ह्याला?"
सु. हसली नाही. बायको माझ्या जोडीनं तेच पातळ वरण पिते. साखर सोडली, भात सोडला. तिचे चार किलो गेले. माझ्याकडं आले असावेत.

११ ऑगस्ट
८९.७.
संध्याकाळी धुण्यात टाकायच्या आधी सु.नं माझ्या शर्टाचा वास घेतला. दुसऱ्यांच्या बायका अत्तर शोधतात. ही भजी शोधत होती.
"खरं सांगा, उस्मानपुऱ्यात भज्यांच्या गाडीवर थांबता ना?"
"थांबतो. सिग्नलला."
"मी इथं तुमच्यापायी उपाशी राहते, आणि तुम्ही..." डोळे पुसत आत गेली.
सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तिनं मला खोटारडा धरलं. वजनाचं जाऊ दे, हे लागलं. आता माझाच माझ्यावर भरवसा नाही. झोपेत तर खात नसेन?

१३ ऑगस्ट
रक्ताचा रिपोर्ट घेऊन दोघं डॉ.कडं. थायरॉईड उलट बिघडलेला.
"गोळी रोज घेता?"
"रोज. सकाळी सहाला, उपाशीपोटी."
"कशाबरोबर?"
"चहाबरोबर," सु. अभिमानानं. "मीच देते ना, बशीत ठेवून."
डॉ.नी पेन खाली ठेवलं. चहानं गोळी अंगी लागत नाही म्हणे. नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची, पुढं तासभर काही नाही.
"पण चहा तर उपासाला चालतो!" सु.
मीही मान हलवली. आमच्यात चहा पोटात जातो असं कुणी धरतच नाही. संकष्टी निघते ती चहावरच.
"म्हणजे वजन ह्याच्यामुळंच?" मी.
"आत्ताच नाही सांगता येणार. सहा आठवड्यांनी बघू."
रिक्षात माझ्या जिभेवर चार वाक्यं तयार होती, एकेक छापण्याजोगं. गिळली. त्यांनी तरी वजन वाढू नये.

१४ ऑगस्ट
सहाला गोळी, पाणी. सु.नं स्वतःचाही चहा टाकला नाही.
"तू घे की."
"एकटीला नाही जात."
बाल्कनीत बसलो. सु. म्हणाली, "सोमवारचं मनावर घेऊ नका."
"बरं."
"आणि... सहा आठवड्यांनीही काटा नाही हलला तर?"
"तर तू मला काय धरशील? पुन्हा खोटारडा?"
तिनं घड्याळाकडं बघितलं. सहा वीस. चहाला अजून चाळीस मिनिटं होती.