राखीव ओळी

५ फेब्रुवारी

ती. स्व. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही पस्तीस वर्षं टेलिफोनचे लाइनमन होतात, आणि घरात फोन वाजला की काकूला पुढे करता! म्हणून मुकाट्याने कागद-पेन घेऊन बसले आहे. गेल्या पत्रात तुम्ही विचारलंत की हातात ना पक्कड, ना पाना, मग ही पोरगी चिप दुरुस्त करते म्हणजे नेमकं काय करते?

ऐका तर. नखाएवढ्या चिपमध्ये लाखो घरं असतात, ओळीओळीने मांडलेली. प्रत्येक घराने एकच गोष्ट लक्षात ठेवायची, शून्य किंवा एक. आमचं यंत्र आधी सगळीकडे शून्य लिहितं. मग पहिल्या घरापासून चालत जातं, शून्य वाचतं, एक लिहितं. शेवटाला पोचलं की उलट्या पावली परत, एक वाचायचं, शून्य लिहायचं. मग चिप तापवायची, लिहायचं, थोडा वेळ गप्प बसायचं आणि विचारायचं, आठवतंय का? जिथे चुकीचं उत्तर येतं ती ओळ बाद. पण चिप फेकायची नाही, कारण तिच्यात काही राखीव ओळी असतात. लेसरने केसाहून बारीक फ्यूज जाळला की बाद ओळीला मारलेल्या हाकेला राखीव ओळ ओ देते. जाळलेला फ्यूज पुन्हा जोडता येत नाही.

हे जाळायचं यंत्र ज्यांच्याकडे आहे त्यांना सगळे फ्यूजदादा म्हणतात. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय, बोलणं कमी, नेम पक्का.

आता भानगड. अकरा चिप परत आल्या आहेत. दवाखान्यात थेंबथेंब औषध सोडणारा पंप असतो, त्यातल्या. पंप मध्येच थांबले आणि कोकलायला लागले. नर्स धावल्या म्हणून कुणाला इजा झाली नाही, नशीब. अकराही चिप दुरुस्त केलेल्या, त्यामुळे सगळ्यांचं बोट फ्यूजदादांकडे. वीस तारखेच्या बैठकीपर्यंत कारण सापडलं नाही तर त्यांना यंत्रावरून काढणार. तपासण्यांचा क्रम मी बसवलेला, म्हणून शोधाचं काम माझ्या गळ्यात. कुठून सुरुवात करू, सांगा.

काकूला नमस्कार. रागवा, पण विसरू नका.

तुमची,
ठकू

९ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा मोठ्याने, तर काकू म्हणाली की पोरगी घरंच तपासते ना, मग आमच्या घरातलं गळकं नळकांडं तेवढं बघायला पाठवा. तिला समजवायला जाऊन मला मात्र सगळं समजलं.

अगं, तुमचं यंत्र जे करतं तेच मी जन्मभर केलं! जमिनीखालच्या जाड केबलमध्ये तारांच्या शंभर जोड्या. एका जोडीवर एक फोन. जोडी खराब झाली की त्या घराचा फोन राखीव जोडीवर टाकायचा आणि रजिस्टरात लिहायचं. तुम्ही ते नखात बसवलंत, एवढाच फरक. हा लेसर जाळतो तेव्हा धूर येतो का गं? वास? आणि जाळताना शेजारची तार वाचते कशी? हे मला सविस्तर लिही, नाहीतर झोप लागायची नाही.

आता कामाचं. परत आलेल्या चिप लगेच बिघडतात की काही वेळाने? गार असताना की गरम झाल्यावर? आणि एक कर, त्या फ्यूजदादांकडे आपणहून जा. चौकशी करायला जाऊ नकोस, शिकायला जा. हाताने काम करणाऱ्या माणसाला बिघाडाबद्दल काहीतरी वाटत असतं, पण विचारल्याशिवाय तो सांगत नाही.

वेळेवर जेव. माया आहेच, ती पोस्टाच्या भरवशावर नाही.

तुझा,
काका

१४ फेब्रुवारी

ती. स्व. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

धूर दिसत नाही, वास येत नाही. सूक्ष्मदर्शकातून फक्त इवलासा खड्डा दिसतो. शेजारची तार वाचते ती फ्यूजदादांच्या नेमामुळे. तुमचं ऐकून मी त्यांच्या खोलीत गेले. चहा झाला, यंत्र शिकून झालं आणि मग त्यांनी एक खण उघडला. त्यात टाकाऊ चिपचे डबे होते. रोज जेवणाच्या सुट्टीत ते त्यांच्यावर फ्यूज जाळून बघतात आणि भिंगाखाली आपलंच काम तपासतात. मला म्हणाले, बघ गं, माझा हात हलायला लागलाय का, मला आता कळेनासं झालंय. काका, एकही खड्डा वाकडा नव्हता. मी तसं सांगितलं, तर त्यांना पटलं नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तरही मिळालं. बिघाड होतो तो गरम झाल्यावर, तोही काही वेळाने. म्हणजे लिहिलेलं वाचता येतं, पण थोडं थांबलं की विसरतं. हे तर आमच्या तापवायच्या तपासणीत पकडलं जायला हवं. मी क्रम काढून बसले आणि एकेक तपासणी बोटाने मोजत गेले.

तापवायची तपासणी दुरुस्तीच्या आधी होते. पूर्वी दुरुस्तीनंतरही एकदा व्हायची. ती मी काढून टाकली! दर चिपमागे चार सेकंद वाचतात म्हणून. त्याबद्दल मोठ्या मॅडमनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली होती. म्हणजे राखीव ओळ कामाला लागल्यावर यंत्र तिच्यावरून एकदा धावतपळत जाऊन येतं, बस. तापवून, थांबून तिला कुणी विचारतच नाही. राखीव आहे, कधी वापरली नाही, म्हणजे चांगलीच असणार, असं मी धरून चालले. काल त्या अकरा चिप मी स्वतः तापवल्या. अकराही राखीव ओळीतच विसरल्या.

हे अजून कुणालाच माहीत नाही. तपासणी गुपचूप परत घातली तर पुढच्या चिप सुधारतील आणि कुणी विचारणारही नाही. पण फ्यूजदादांवरचा ठपका तसाच राहील, आणि बाहेर गेलेल्या बाकीच्या चिपही. बोलले तर माझी नोकरी राहील का, सांगता येत नाही. मला भीती वाटते, काका. काय करू ते लिहा. लेकीवर रागावू नका, जवळ घ्या.

तुमची,
ठकू

१७ फेब्रुवारी

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

काय कर ते सांगायचा मला अधिकार नाही. का नाही ते लिहितो. काकूलाही हे ठाऊक नाही.

तुझ्या लहानपणी आपल्याकडे माझा एक दोस्त यायचा, तुला खांद्यावर घेऊन अंगणात पळायचा. त्याला सगळे जॉइंटर म्हणत, कारण केबलचे जोड तो द्यायचा. त्याच्यासारखा जोड मी दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. एकदा एका सुईणबाईंचा फोन बंद पडला. मी तो राखीव जोडीवर टाकला. राखीव जोडी आधी मीटरने तपासायची असते. मला घरी जायची घाई होती. एकदा बोलून पाहिलं, आवाज आला, आणि रजिस्टरात लिहिलं, तपासली. दुपारनंतर ती जोडी मुकी झाली. एका बाईला दिवस भरले होते, तिच्या घरचे फोन लावत राहिले. सुईणबाई पोचल्या, पण फार उशिरा. बाई वाचली. मूल गेलं.

चौकशीत रजिस्टर उघडलं. तार तपासलेली, म्हणजे दोष जोडात, असं ठरलं. जॉइंटरची बदली झाली. मी समोर बसून होतो आणि गप्प राहिलो. त्यानंतर त्याने पत्र धाडलं नाही, मीही नाही. काकूला वाटतं आमचं काही किरकोळ वाजलं. एकतीस वर्षं झाली, ठकू. तुझं पत्र वाचलं आणि मला जेवण गेलं नाही.

तुझ्याबाबतीत अजून वीस तारीख उजाडायची आहे. एवढंच लिहवतं. मला तुझी लाज कधीच वाटणार नाही, हे धरून चाल.

तुझा,
काका

२१ फेब्रुवारी

ती. स्व. काकांना,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. बैठक सुरू होताच उभी राहिले. क्रम मांडला, चार सेकंद मांडले, माझं नाव मांडलं. मॅडमनी तो कागद पहिल्यापासून वाचला. मग त्यांनी बाहेर गेलेल्या सगळ्या चिप परत मागवायला सांगितल्या आणि माझ्याकडून क्रमाचं काम काढून घेतलं. नोकरी आहे. पुढचे सहा महिने चिप तापवत आणि मोजत बसायचं आहे. रडले, खोटं कशाला सांगू.

 आज जेवणाच्या सुट्टीत फ्यूजदादा सगळ्यांबरोबर जेवायला बसले. टाकाऊ चिपचा खण उघडला नाही.

तुमच्याबद्दल मला काय वाटलं ते लिहायला जमत नाही. तुम्ही माझे काकाच आहात. पण जॉइंटरकाकांना कळवा. पत्र हवंय, तुमचं आणि लवकर.

तुमची,
ठकू

६ मार्च

चि. ठकूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी काकूला सगळं सांगितलं.  तिसऱ्या दिवशी तिने कुठूनसा जॉइंटरचा पत्ता शोधून माझ्यासमोर ठेवला. मी सगळं लिहिलं, लपवाछपवी न करता. शिव्या येतील, किंवा काहीच येणार नाही, अशी तयारी ठेवली होती.

काल त्याचं कार्ड आलं. शिवी नाही, राग नाही. मी तेव्हा गप्प का बसलो, हेसुद्धा विचारलेलं नाही. लिहितो की बदलीनंतर त्याने एकही जोड दिला नाही, भांडाराचं काम मागून घेतलं, कारण आपले हात गेले असं त्याला वाटलं. आपण दिलेला तो जोड त्याने मनात हजारदा सोडवून पाहिला, चूक कुठे झाली ते त्याला कधी सापडलं नाही. आणि, बहुधा मनातला तो जोड आता मिटवता यावा म्हणून, खाली एकच प्रश्न, राखीव जोडी कितव्या नंबरची होती?

त्र्याहत्तर. मला विसरता आलेलं नाही. कार्डावर उत्तर लिहायला बसलो आणि पेन खाली ठेवलं. उद्या पहाटेच्या गाडीने मी त्याच्याकडे जातोय. हा नंबर त्याला समोर बसून सांगायला हवा.

काकू डबा भरून देते आहे, दोघांचा, माझा आणि त्याचा. आमच्यावर जीव आहे तसाच राहू दे.

तुझा,
काका