उतारा जसाच्या तसा

मंगळवार, संध्याकाळ

डोकं फिरलंय नुसतं. मराठीच्या मॅडमनी आज चाचणीचा पेपर परत दिला. "उताऱ्याबद्दल तुमचं मत लिहा" असा प्रश्न होता, आणि मी अख्खा उताराच उतरवून ठेवलाय! एक काना-मात्रा चुकली नाय. खाली लाल पेनानं मॅडमनी लिहिलंय, "हे लेखकाचं मत झालं. तुझं काय?"

अकरावीत आहे मी. कॉलेज सुटलं की उस्मानपुऱ्यातल्या एका ऑफिसात डेटा एंट्री करते. तिथं साहेबांचं रोज एकच, "वाचत बसू नको, नुसतं टाकत जा." तीच सवय लागली हाताला, दुसरं काय? आईला मात्र लई कौतुक. पोरगी एसीत बसून काम करते म्हणून सगळ्या बजाजनगरात सांगत फिरते. तिला काय जातंय!

ते "तुझं काय?" डोक्यातून जाईचना. शेवटी पेपर पप्पांसमोर आदळला, म्हटलं, ही त्या कामाचीच सवय. त्यांनी सगळा वाचला. मग म्हणाले, "काम सोडायचं का ठेवायचं, तूच सांग. तुला काय वाटतं?"

मी पटकन बोलून गेले, "तुम्ही म्हणाल तसं."