बाबांचे दार आणि पोस्टमनचा गुडघा

३ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

जुन्या दवाखान्याचे वाचनालय व्हावे म्हणून तू रोज विनामोबदला धुळीत राबतेस, हे वाचून अभिमान वाटला. मात्र पत्रात स्वतःविषयी चार ओळी आणि त्या निवृत्त पोस्टमनविषयी दीड पान, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. दवाखान्याचे ते दार आपल्या बाबांनी घडविले; घडताना कंदील मी धरला होता. असे असता, दार दुरुस्त करताना त्या गृहस्थांचा हात अगदी बाबांसारखा फिरतो, हे तू कशाच्या आधारे लिहितेस? जन्मभर पाकिटांवर शिक्के मारणाऱ्याकडे ते दार सोपविणे म्हणजे माकडाच्या हाती कोलीत! दाराच्या दुरुस्तीच्या मी सविस्तर सूचना धाडल्या, त्यांची साधी पोच नाही. बहुधा त्यांच्यावर पोस्टमनचा चहाचा कप विसावत असेल.

लोभ आहेच, तो परक्यात वाटू नये.
दादा

१० मार्च

ती. दादांना,
सा. न. वि. वि.

तुमची पोटदुखी इथवर ऐकू आली! आधी बोलावलं होतं तुम्हालाच. तुम्ही आला नाहीत, सूचना आल्या. त्या दाराशेजारी भिंतीवर चिकटवल्यात. जुना रंग खरवडायला काचेचा तुकडा कसा धरायचा, लाकडाच्या रेषेनं कसा ओढायचा, तेलाचा बोळा कुठून फिरवायचा, सगळं पोस्टमनकाका त्या वाचूनच करतात. मग हात बाबांसारखा फिरेल नाही तर काय! दादा, तुम्ही स्वतःवरच जळताय.

आता खरी अडचण. डावं कवाड मिटताना चौकटीला अडतं. बाबा शेवटी गुडघ्यानं काहीतरी करायचे, एवढंच मला आठवतं. तुमच्या सूचनांत ते नाही. रविवारी उद्घाटन आहे, आणि दार नीट मिटेपर्यंत पुस्तकं आत ठेवायची नाहीत, असं समितीनं ठरवलंय.

राग तिथंच ठेवून या. माया इथं आहे.
तुमची खार

१३ मार्च

चि. खारूताईस,
आशीर्वाद. वि. वि.

ते लिहायचे राहिले नव्हते. मी ते स्वतःसाठी राखून ठेवले होते. वरच्या बिजागरीचा स्क्रू सैल करून कवाड गुडघ्याने उचलून धरावे लागते आणि त्याच क्षणी दुसऱ्याने स्क्रू आवळावा लागतो. बाबा उचलीत, मी आवळीत असे.

शनिवारी पहिल्या बसने येत आहे. स्क्रू मीच आवळीन. माझा गुडघा मात्र आता वाकत नाही. त्यामुळे नाइलाजाने पोस्टमनचा लागेल. त्यांना कळवावे, की गुडघा आणावा, मते आणू नयेत. आणि दार मिटल्यावर पहिली शाबासकी कोणाला द्यायची, हे तू आजच ठरवून ठेव.

लोभ असावा, मोठा वाटा माझा असावा.
दादा