लिगाव: जोर कुठल्या अक्षरावर?

पुरिंगताईस, धाकट्या कातोकडून. आशीर्वादासाठी तुझा हात इथूनच माझ्या कपाळाला लावतो. गुडघे काय म्हणतात? लुकबानच्या दमट हवेत आल्याचा काढा सोडू नकोस. मी ठीक आहे, म्हणजे हिंडता-फिरता आहे. कुठं हिंडतो तेच सांगायला बसलोय.

मी सोलिंगकडे लिगावला, म्हणजे तिची मनधरणी करायला, जातो हे तुझ्या कानावर आलंच असेल (आपल्या वाडीतली माणसं तिखटमीठ लावल्याशिवाय काही पाठवत नाहीत). पन्नाशीतल्या शिंप्याला हे शोभतं का, असं तू विचारणार. शोभतं. हसतखेळत मागं लागणं, तिच्या दारात लाकडं फोडून देणं, तिच्या आईचे टोमणे गोड मानून घेणं, याला वयाची अट नाही. शिवाय वेळ कुठं होता? आज रविवारी ती मुलीकडे कॅनडाला जायची होती, कायमची. तिचा नवरा हिलारिओ समुद्रात गेला त्याला तीन वर्षं झाली. देह मिळालाच नाही, म्हणून शवपेटीत त्याचा भरतकामाचा सदरा ठेवून पुरला. तो सदरा मीच शिवला होता.

आता आपला तो मेला शब्द. ‘लि’वर जोर दिला की प्रेमाची आळवणी, ‘गाव’वर दिला की वाट चुकलेला. दारात येणाऱ्या प्रत्येक पोराला म्हाताऱ्या ‘यातला कुठला?’ म्हणून छळतात, तुला माहीतच आहे. तर एका शनिवारी मी केळीच्या पानात बांधलेला चिकट भात घेऊन भर दुपारी निघालो. बांबूच्या बनात समोरून एक गृहस्थ आला. तोंड सावलीत, बोलणं अदबीचं. “काय मास्तर, लिगाव की लिगाव?” मी गडबडलो (तू मला ओळखतेसच) आणि जोर पडला दुसऱ्या अक्षरावर. झालं! जन्मापासून तुडवलेली वाट, आणि मी पोचलो दफनभूमीत, हिलारिओच्या क्रॉसपाशी. पान हलत नव्हतं, किडा बोलत नव्हता. भात तिथंच टाकून पळालो. पुढच्या शनिवारी तोच गृहस्थ, तोच प्रश्न, माझी तीच बोबडी आणि तोच क्रॉस. आदल्या वेळची केळीची पानं मात्र रिकामी, नीट घडी करून ठेवलेली होती. मला दरदरून घाम फुटला.

काल शेवटचा शनिवार. वाट चुकवणाऱ्यावर आपल्याकडचा उतारा एकच, सदरा उलटा घालायचा. शिंप्यानं आतल्या शिवणी गावाला दाखवत जायचं म्हणजे अब्रूचं खोबरं, पण घातला. तो भेटलाच. मी नजर खाली ठेवली, तर कोरड्या मातीत त्याच्या पायाशी पाणी ठिबकत होतं. आणि बाहीवर माझा टाका होता. आपला टाका माणूस विसरत नाही, ताई. त्यानं तोंड उघडायच्या आत मीच विचारलं, “आणि तू रे? तू कुठला लिगाव?” मग हळूच बोलला, जोर दुसऱ्या अक्षरावर. माझी भीती कुठल्या कुठं गेली. बिचारा तीन वर्षं घर शोधत होता. म्हटलं, “चल माझ्या मागून.”

सोलिंगची आई, बियांग आजी, खिडकीतूनच ओरडली, “सदरा तरी सरळ घाल रे मेल्या! लिगाव की लिगाव?” म्हटलं, “मी पहिला, मागचा दुसरा.” आजीचं हसू थांबलं. सोलिंग बाहेर आली, माझ्या खांद्यावरून मागं बघत राहिली आणि रडली. मग आल्याच्या चहाचे दोन पेले भरून आणले. दोन्ही रिकामे झाले. मी एकच प्यायलो. उन्हं कलताना ती रिकाम्या खुर्चीला म्हणाली, “जा आता. मी बरी आहे.” आणि मला म्हणाली, “तू कुठं उठतोस? बस.”

तुझा,
कातो

ता. क. कॅनडा रद्द. आपल्याकडून वडीलधारं कोण? तूच. मागणी घालायला ये. जेवणावळीला भाजायचं डुक्कर मी बघतो.

आणखी ता. क. येताना माझ्या घरून विजार आण. सकाळपासून कितीदा घरी जायला निघालो, दर वेळी सोलिंगच्याच पायरीशी येतो. आजी म्हणते, सदरा सरळ केलास ना, भोग आता.

शेवटचं. मला वाट सापडत नाही, म्हणून हे पत्र त्याच्याच हाती देतोय. तो समुद्राकडे निघालाय, लुकबान वाटेतच आहे. ओल्या पायांचा म्हणून हाकलू नकोस, चहा दे. मात्र तो शब्द कसा उच्चारतो ते नीट ऐक. जोर दुसऱ्या अक्षरावर असेल तर समुद्राची वाट दाखव. पहिल्यावर असेल तर, ताई, तू अजून बिनलग्नाची आहेस, दार लाव.