मोरबीहून नवोदयची तयारी

ती. सौ. अक्कास,
योगराजचा जिथं आहे तिथूनच वाकून नमस्कार. तुझी कंबर, दाजींचा खोकला आणि केळीची बाग, तिघंही ठीक असतील असं धरून चालतो. मी इथं टाइल्सच्या कारखान्यात मजेत आहे (म्हणजे नोकरी अजून सोडलेली नाही, तुला खोटं वाटेल). फोन सोडून कागद धरला, कारण घरचा फोन तुझ्या भूमिकाजवळ असतो आणि ही गोष्ट तिच्या कानी जायला नको.

तर तुझ्या लेकीची नवोदयची तयारी. क्लास भुसावळला, रोज नेणार कोण, म्हणून दाजी म्हणाले, "मामा आहे ना रिकामा!" अक्का, मी सातवीतून पळालेला माणूस. तरी हो म्हणालो. रोज संध्याकाळी ती फोनसमोर पुस्तक धरते आणि माझ्यामागं अख्खी खोली गोळा होते. आरशातली आकृती ओळखा, असा प्रश्न आला तेव्हा मी सरळ भिंतीवरचा आरसाच काढून आणला. बिहारचा रामजतन एका गालाची दाढी करून, दुसऱ्याला फेस लावून उभा! उत्तर बरोबर आलं, पण पोरगी म्हणते, "मामा, परीक्षेत आरसा नेऊ देत नाहीत."

मग आले केळीचे घड. एका घडाचं वजन अठरा किलो, तर पंचवीस घडांचं किती? भूमिकानं गुणाकार केला आणि लगेच दांड्याचं वजन वजा केलं. मी म्हटलं, शाब्बास! व्यापारी दांडा तोलात धरतो का कधी? पण खाली दिलेल्या चार उत्तरांत आमचं उत्तरच नाही. दांडा जरा बारीक धरून पाहिला, तरी नाही. शेवटी ठरलं, की पुस्तक छापणाऱ्यानं केळीची बाग पाहिलेली नाही. रामजतन म्हणाला, प्रश्नात दांडा आहेच कुठं? (त्याच्याकडं केळी डझनानं घेतात, त्याला काय कळणार! पण दांडा सोडून दिला आणि उत्तर जुळलं. हे मी तिला सांगितलं, त्याला नाही.)

हसू नको. आता ती माझ्या पुढं गेली आहे. परवा हौदाच्या गणितात मीच अडकलो. वरून नळ भरतोय, खालून दुसरा रिकामा करतोय. मी म्हटलं, आधी खालचा बंद कर ना बाई! तर तीच मला समजावत बसली, "मामा, लक्ष दे," अगदी तुझ्या आवाजात. मागं तुझी फोडणी तडतडत होती, दाजी कुणाला तरी बैल बांधायला ओरडत होते. मला गणित समजलं होतं, तरी म्हटलं, नाही समजलं, परत सांग. माझ्या पायाला भिंगरी, तुला माहीतच आहे. पण हल्ली सुटी झाली की कुठंही न जाता खोलीवर पळत येतो.

पास झाली की ती वसतिगृहात जाईल. तिथं फोन नाही. पास व्हायलाच पाहिजे म्हणा, आपल्या घरात कुणीतरी शाळा पुरी करावी.

दाजींना नमस्कार, भूमिकाला 'सराव कर' एवढंच सांग.

तुझा,
योगराज

ता. क. कळण्याचं पीठ पाठव. इथं तसली भाकरी मिळत नाही.

ता. क. दुसरा. पीठ राहू दे. मुक्ताईनगरला जाशील तेव्हा भूमिकाच्या पास होण्याचा नवस तू बोल. मी इथून हात जोडून पाहिले. तोंड 'पास होऊ दे' म्हणतं आणि मन मागून भलतंच म्हणतं. मुक्ताईला दोन्ही ऐकू जात असणार. तू मनापासून बोलशील. फेडायला मात्र मीच येईन, तेवढ्यासाठी तरी घरी येणं होईल.