कटिंगच्या दुकानातली बकरी

अण्णा,

तुमची कादंबरी पुन्हा छापायची म्हणतायत. प्रकाशक परवा घरी आला होता. गोड बोलतो, तुमचं त्याच्याशी लगेच जमलं असतं. मुखपृष्ठावर बकरी पाहिजे म्हणतो. कटिंगच्या दुकानात खुर्चीवर बसवलेली, गळ्याला पांढरा कपडा गुंडाळलेली बकरी. "मॅडम, लोक बाकी सगळं विसरतात, पण बकरी विसरत नाहीत," असं म्हणून माझ्यासमोर पोट धरून हसला. होकार माझा पाहिजे, कारण हक्क तुम्ही माझ्या नावावर करून गेलात. देण्यासारखं दुसरं होतंच काय तुमच्याकडं! सांगते म्हटलं त्याला. चहासुद्धा विचारला नाही.

त्याला काय माहीत, ती बकरी मी आहे. तुमच्या त्या देखण्या, लाघवी, बिनकामाच्या नायकाला ना बायको ना लेकरू. बकरी आहे. तिला तो छावणीच्या बाजारात कटिंगच्या दुकानात बांधतो, "आलोच" म्हणतो आणि दोस्तांच्या जीपमध्ये बसून दौलताबादकडं पसार होतो. खऱ्यात तुम्ही मला शाळेचे बूट घ्यायला नेलं होतं. दुसरीत होते मी. तुमची दाढी झाली, बाहेरून कुणीतरी हाक मारली, आणि माझ्या गालावर टिचकी मारून तुम्ही म्हणालात, "आलोच गं." आपल्यात निघताना जातो म्हणत नाहीत, येतोच म्हणतात. सगळं जग म्हणतं. पण तुम्ही त्या एका शब्दावर अख्खा संसार टांगून ठेवलात.

मी बाकड्यावर बसलेली आहे. गिऱ्हाईक येतं, जातं. दुकानवाले चाचा दर वेळी माझ्याकडं बघून म्हणतात, "आते बेटा, आते." दुपारी त्यांनी डब्यातली अर्धी भाकर दिली. मला लघवीला लागली होती, पण उठत नव्हते. मी उठले आणि नेमके तेवढ्यात तुम्ही आलात तर? दिवेलागणीला चाचांनी दुकान बंद केलं, मला सायकलच्या दांडीवर बसवलं आणि पडेगावला आणून सोडलं. आई दारातच होती. "अमानत थी भाभी, दुकान में कैसे रखता," एवढंच म्हणाले ते. तो 'अमानत' शब्दसुद्धा तुम्ही ढापलात. कादंबरीत तो बकरीबद्दल आहे.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. हातात जिलबी. शेजारपाजारचे गोळा करून सांगितलंत, "पोरीला विसरूनच गेलो की वो मी!" असं काही रंगवून सांगितलंत की सगळे हसले. रडून डोळे सुजलेली आईसुद्धा हसली. तुम्ही कुणालाही हसवू शकत होता, सगळी बोंब तिथंच होती. मला तुमच्यापेक्षा तिचाच राग आला त्या दिवशी. बूट आणायचे राहिलेच.

आई आता हर्सूलला माझ्याकडं असते. तिला विचारलं, छापायला देऊ का. "दे की. लई हसवायचे गं."

"आणि रडवायचे ते?"

"ते कुटं लिवलंय त्यांनी?"



आज दुपारी कादंबरी काढून बसले. नाही म्हणायचं तर तोंडावर फेकायला चांगलं कारण पाहिजे होतं. बकरीचं प्रकरण मी कधीच शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. तिला खुर्चीवर बसवतात तिथंच पुस्तक मिटायचे. आज पुढं वाचलं. तुमचा नायक चालत्या जीपमधून उडी मारतो. चपला रस्त्यात टाकून अनवाणी पळत छावणीत येतो, दुकान बंद व्हायच्या आत पोचतो आणि भर बाजारात बकरीच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडतो. म्हणे लोक इथं सगळ्यात जास्त हसतात.

अहो, चुकलो म्हणायचं होतं तर मला म्हणायचं ना! मी काय लांब होते? तुमच्या म्हातारपणी रोज दोन वेळा ताट वाढत होते. तेव्हा भाजीला मीठ कमी आहे म्हणालात, जीप कुणाची भारी होती ते सांगितलंत, आणि हे मात्र बकरीला सांगितलंत. लाज वाटायला पाहिजे होती.

प्रकाशकाला फोन करून हो म्हटलं. बकरी टाका म्हटलं मुखपृष्ठावर. तुम्हाला माफबिफ केलेलं नाही, त्या भ्रमात राहू नका. आणि हे पाठवायचं तरी कुठं, जिवंत होता तेव्हा तरी तुमचा ठावठिकाणा कुठं लागत होता! पण खरं सांगते, फोन ठेवल्यावर ते पान मी परत वाचलं. मग आणखी एकदा. त्या पानावर तुम्ही येता.